शेऱ्याचा रकाना

पाणीगेट, बडोदे
मंगळवार, २५ फेब्रुवारी २०२५

प्रिय कुणालदादा,

आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुझा खोकला गेला का? उद्या महाशिवरात्र. आईनं रताळी आणून ठेवलीत आणि तू दहेजच्या प्लँटच्या मेसमध्ये उपास कसा करणार, यावर तिचं सकाळपासून दोनदा पुटपुटून झालं.

फोनच केला असता, पण फोनवर तू दर वाक्याला ‘अगं पण’ म्हणतोस. परवा ब्लाउजला हूक लावता लावता आईनं विचारलं, “योगे, तू झाडं मोजलीस म्हणून ती तोडतायत, की तोडायचीच होती म्हणून तुला मोजायला लावली?” तेच सांगायला हे पत्र.

देवडुंगरीचं सरकारी जंगल आठवतं ना? नोव्हेंबरात तीन आठवडे मी तिथं मोजणीला होते. पहिल्या दिवशी ऑफिसची टेप आलीच नव्हती, म्हणून आईची शिवणाची टेप वापरली. एका मोहाच्या झाडाला ती तीनदा लावावी लागली. मी फोटो पाठवला तर तू लिहिलंस, ‘याला ब्लाउज कोण शिवणार?’ त्या टेपवर बसलेला डिंक अजून निघत नाही. आई त्यावरून रोज माझा उद्धार करते.

त्या जंगलातली चारशे बारा जुनी झाडं तोडायचा हुकूम निघालाय. ‘रोगट झाडं काढून नवी लागवड’ असं त्यात म्हटलंय. यादी माझी आहे. झाडांवरचे पांढरे नंबरही माझ्या हातचे.

तक्त्यात झाडाच्या तब्येतीसाठी दोनच रकाने होते, निरोगी आणि रोगट. इतकी जुनी झाडं बहुतेक आतून पोकळ असतात. तिथले गोविंदकाका रोज माझ्यासोबत असायचे. त्यांनी मला त्या मोहाच्या ढोलीला कान लावायला सांगितलं. आत मधमाश्यांची घरघर चालली होती. म्हणाले, “बेन, पोलुं छे, मांदुं नथी.” पोकळ आहे, आजारी नाही. पण पोकळला रकानाच नव्हता. ऑफिसातल्या सरांना फोन केला, तर ते म्हणाले की रोगटवर खूण करा आणि बाकीचं शेऱ्यात लिहा.

मी लिहिलं. चारशे बारा झाडांपुढे लिहिलं. पोकळ पण जिवंत. ढोलीत घुबड. ढोलीत उडती खार. दर वर्षी फुलतो, गाव फुलं वेचतं. संध्याकाळी बोटं वळायची नाहीत, तरी लिहायचे. जंगल वाचवायचं तर कुणीतरी हे लिहून ठेवायला हवं, असं मला खरंच वाटायचं.

टाइप झालेल्या अहवालात शेऱ्याचा रकानाच नाही.

इथपर्यंत आईला माहीत आहे. तोडीविरुद्ध कोर्टात गेलेल्या गावकऱ्यांच्या वकील वसुंधराबेन, त्यांनाही मी गेल्या आठवड्यापर्यंत एवढंच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “तुला फसवलं, बेटा.” ऐकायला फार बरं वाटलं. आणि ते खरं नव्हतं, दादा.

तो टाइप केलेला अहवाल सहीला माझ्याच पुढे आला होता. अठरा डिसेंबरला. मी पानं उलटली. रकाना गेलाय हे मला दिसलं. सरांनी चोख कामाचं कौतुक केलं, “योगिनीबेन, तमे तो बहु चोख्खुं काम कर्युं,” आणि दुसरा कागद माझ्याकडे सरकवला. कायम नेमणुकीचं पत्र. मी विचारणार होते, तोंडही उघडलं होतं. मग मला तू दिसलास, पाळी संपवून बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपलेला. बाबा गेले आणि बारावीनंतर तू पुस्तकं मिटलीस ती माझी उघडी राहावीत म्हणून. जूनपासून तू पाळ्या सोडून डिप्लोमाला जाणार, हे आपण तिघांनी याच पत्राच्या भरवशावर ठरवलं होतं. मी अहवालावर सही केली, पत्र घेतलं आणि सरांनी मागवलेला चहाही प्यायले. त्याच संध्याकाळी तू प्लँटमध्ये पेढे वाटलेस.

यात तुझा दोष आहे असं वाचू नकोस. सही करताना मी तुझं नाव पुढे केलं, तू नाही.

रविवारी देवडुंगरीला जाऊन आले. गोविंदकाकांनी चहा दिला. मग त्या मोहापाशी नेलं. माझा नंबर, एकशे सात, त्यांनी शेणानं सारवून टाकला होता. म्हणाले, एकेक करून सगळे सारवीन, पावसानं धुऊन गेलं तर पुन्हा सारवीन. चारशे बारा झाडं, दादा, आणि काकांचं वय अडुसष्ट. मी इतकी दमले होते, पण परतीच्या बसमध्ये डोळा लागला नाही.

काल राजीनामा दिला. माझ्या शेऱ्यांच्या मूळ वह्या आईच्या शिवणाच्या पेटीतच होत्या, त्या आज सकाळी वसुंधराबेनच्या हातात दिल्या. शुक्रवारी कोर्टात तारीख आहे. झाडं वाचतील का, त्यांनाही माहीत नाही. जूनचं काय, ते मला लिहवत नाही.

मग कोठी भागातल्या नोटरीकडे गेले आणि प्रतिज्ञापत्र केलं. रकाना गाळलेला मी पाहिला होता आणि तरी सही केली, असं. नोटरी म्हातारे आहेत. चष्म्यावरून बघत म्हणाले, “बेन, आमां तो तमे पोते ज गुनेगार ठरो छो. घरे पूछ्युं?” यात तर तुम्ही स्वतःच गुन्हेगार ठरता, घरी विचारलंत का?

मी म्हटलं, पूछ्युं. तेवढं खोटं बोलले. तुला विचारलं असतं तर तू ‘कर’ म्हणाला असतास, आणि हेही तुझ्याच खांद्यावर गेलं असतं.

शिक्षणाच्या जागी एम.एस्सी. लिहिलं. खाली सही केली. तेव्हा सव्वाबारा वाजले होते, तू पाळीवर असशील.

यापुढे तुझं नाव पुढे करून कशावरही सही न करणारी,
तुझी
योगी