डाव्या पायाला सुट्टी

४ फेब्रुवारी

गाडी आली. आली म्हणजे — नव्हती, आणि मग होती! फाटकातून आत शिरली तरी आईला पत्ता नाही. बत्तीस वर्षं आप्पांची जुनी गाडी कोपऱ्यावर खोकली की आई चहाचं आधण ठेवायची. आज आप्पा दारात उभे आणि गॅसवर काहीच नाही.

"आलात कधी?"

"कधी ते सोड, कसा आलो ते विचार," आप्पा म्हणाले.

पांढरी आहे. संध्याकाळच्या उजेडात जराशी निळी दिसते. मी आत नुसतीच बसून राहिले. सुरू आहे की बंद, कळत नाही. म्हणून आपणच श्वास रोखून ऐकत राहतो. संस्कृतचे आमचे गुरुजी म्हणायचे, मौन म्हणजे न बोलणं नव्हे, बोलायची गरज न उरणं. त्यांना या गाडीतून एक चक्कर मारून आणायला हवी होती.

५ फेब्रुवारी

संपादकांना वास लागलाच. "अठ्ठ्याहत्तर वर्षांचा चालक आणि नवी इलेक्ट्रिक गाडी, दोन्ही तुमच्या घरातच! वय झालेल्यांना, जवळच्या जवळ फिरणाऱ्यांना ही गाडी झेपते का, लिहा रविवारच्या पुरवणीला. महिनाभर घ्या."

स्थालीपुलाकन्याय — एक शीत चेपून सगळ्या भाताची परीक्षा. आमचं शीत म्हणजे आप्पा. जरा टणकच आहे.

आप्पांचं भ्रमण एवढंच: वाचनालय, औषधांचं दुकान, आणि आठवड्यातून चारदा आईला घेऊन मावशीकडे. मावशी आईची धाकटी बहीण, दीड वर्ष अंथरुणाला खिळलेली. आई जाते, तिचे केस विंचरते, तिच्याशी भांडते, परत येते. मी टॅक्सीचं सुचवलं होतं. आई म्हणाली, "भाड्याच्या गाडीने बहिणीकडे जायचं म्हणजे घड्याळ मांडीवर घेऊन बसायचं."

आप्पांच्या परवान्याची मुदत एप्रिलमध्ये संपते. पुन्हा मिळाला नाही तर आईच्या मांडीवर घड्याळ. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी बोलत नाही.

७ फेब्रुवारी

अपघात! — म्हणजे होता होता राहिला. दोष डाव्या पायाचा. बावन्न वर्षं त्याने इमानाने क्लच दाबला. इथे क्लचच नाही. तरी सवयीने खाली गेला आणि ब्रेकवर पडला. गाडी भर रस्त्यात थबकली. आईचा चष्मा उडून समोरच्या काचेवर. मागचा सायकलवाला काय बोलला ते आप्पांनी सांगितलं नाही. आईने सांगितलं — दोनदा.

आता आप्पा गाडीत बसताना डाव्या पायातली चप्पल काढून ठेवतात. का? "पायाला कळायला नको, आज सुट्टी आहे ते?"

१२ फेब्रुवारी

डाव्या बाजूला ओरखडा. आठवड्यातला दुसरा. फाटकाचा खांब. आप्पा म्हणतात, "खांब सरकलाय." खांब आजोबांनी बसवलेला. सरकणं त्याच्या स्वभावात नाही.

१३ फेब्रुवारी

आप्पा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. काय म्हणाले? "चष्म्याची काडी सैल आहे म्हणाले." मग दुपारभर बागेत खुर्ची टाकून बसले, पुस्तक मिटलेलं.

२० फेब्रुवारी

सकाळी नाश्त्याला आप्पा अनुभव सांगतात, मी टिपून घेते. गंमत म्हणजे दिवसेंदिवस ते छान बोलायला लागलेत.

"निघताना पाय पिसासारखा ठेवायचा. नाहीतर गाडी आपल्या आधी पोचते."

"पाय उचलला की आपोआप हळू होते. कुणी मागून पदर धरल्यासारखी."

पदर! आप्पांच्या तोंडी पदर! यंत्रामुळे माणूस कवी होतो, असंही लेखात घालावं म्हणते. आई ताटलीत बघत होती. हसत होती की काय, देव जाणे.

२४ फेब्रुवारी

जुनी गाडी निघाली. आमचे गॅरेजवाले मेस्त्री घेऊन गेले. सुट्या भागांना उपयोगी पडेल म्हणाले. जाताना एकदा खोकली. आई सवयीने उठून स्वयंपाकघरात गेली.

त्यावरून जुनी गोष्ट निघाली. आई पंचविशीत गाडी शिकत होती, हिच्याही आधीच्या गाडीवर. तिसऱ्या दिवशी गिअर अडकला, गाडी कुंपणात. आप्पा ओरडले. आई खाली उतरली, दार लावलं — हळूच — आणि चालत घरी आली. त्यानंतर स्टिअरिंगला हात म्हणून लावला नाही.

"तेव्हा रागावली होती ती," आप्पा म्हणाले.

"रागावले नव्हते," आई म्हणाली. "उतरले होते."

१ मार्च

आप्पा म्हणाले, वाचनालयात जाऊन आलो. जाऊन-येऊन चार किलोमीटर. गाडी माझ्या नावावर, म्हणून फोनमध्ये तिचं अ‍ॅप आहे. अ‍ॅप म्हणतं, एकोणीस.

३ मार्च

काल सतरा. आज एकवीस! रस्ता तोच, वाचनालय तेच.

आणि सीट. इतकी पुढे ओढलेली की आप्पांचे गुडघे कानाशी यावेत. विचारलं तर म्हणे, "पाठीला बरं पडतं."

थोरले काका शेवटच्या वर्षी असेच बाहेर पडायचे. घर समोर, आणि काका घर शोधतायत. शेजाऱ्यांनी हाताला धरून आणलं की म्हणायचे, जरा लांबून आलो आज.

लिहायला घेतलं ते वाक्य लिहीत नाही.

५ मार्च

पहाटे स्वप्न. तळ्यावरून गाडी चाललेली. पाण्यावर रेघ नाही, तरंग नाही. आप्पांनी काच खाली केली आणि परक्या माणसाला विचारावं तसं मला विचारलं, "घर कुठलं हो?" मी सांगायला तोंड उघडलं, तर माझाही आवाज नाहीसा झालेला.

उठून खिडकीतून पाहिलं. गाडी धुक्यात उभी. तिच्या नाकाला चार्जिंगची वायर. आप्पा बॅटरी जरासुद्धा उतरू देत नाहीत. सत्त्याण्णव टक्के असली तरी पुन्हा लावतात. रोज हातभर फिरायचं आणि शिदोरी मात्र काशीयात्रेची.

८ मार्च

मेस्त्रींच्या गॅरेजात गेले. "आप्पा येतात का इकडे?"

मेस्त्रींनी एकच पाना तीनदा पुसला. "ताई, या गाडीत माझ्यासाठी काम ठेवलंय का कुणी? तेल नाही, प्लग नाही. चाकात हवा बघायची, बस्स."

"मग हवा बघायला रोज येतात?"

"हवा रोज बदलते, ताई."

माणूस खोटं बोलत नव्हता. खरंही बोलत नव्हता. यांत्रिक क्षेत्रातले मुत्सद्दी!

१० मार्च

लेख दिला. म्हातारपणी ही गाडी सोयीचीच आहे. गिअर नाही, क्लच नाही, घरच्या घरी चार्जिंग. लांबचा पल्ला ज्यांना नकोच त्यांना वाटेत वीज संपायची भीती नाही. सीट उंच, त्यामुळे उठताना गुडघे कुरकुरत नाहीत. मात्र दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, डावा पाय. दुसरी म्हणजे पायी चालणाऱ्यांना ती ऐकू येत नाही, तेव्हा आपणच त्यांना बघायचं. आप्पांची वाक्यं जशीच्या तशी घातली. शेवटी लिहिलं होतं, "चालवणाऱ्याला आपलं घर सापडलं म्हणजे झालं." ते खोडलं.

रविवारी किल्ली मागणार. आरशासमोर वाक्य म्हणून पाहिलं, सात वेळा. संस्कृतात आठ विभक्त्या पाठ केल्या. बापाकडून किल्ली मागायला एकही कामाची नाही.

११ मार्च

रविवारपर्यंत धीर निघाला नाही. दुपारी तीनला ऑफिसातून उठले. अ‍ॅपमधला ठिपका जुन्या लाकडाच्या वखारीमागे. वखार बंद पडून वर्षं झाली. मागे मोठं मोकळं पटांगण, मधोमध एकच झाड.

कुंपणाच्या फटीतून पाहिलं. गाडी झाडाभोवती फिरत होती. सावकाश, गोल गोल. आवाज नाही, धूळही फारशी नाही. गवतातले पक्षी उडायचेही कष्ट घेत नव्हते. बाजूला होत होते, ती गेली की परत येत होते. मला वाटलं, संपलं. आप्पांना बाहेरची वाट सापडत नाहीये.

आणि मग आप्पा दिसले. झाडाखाली. उभे! टोपी घातलेली, हात मागे बांधलेले.

मग आत कोण?

गाडी माझ्यासमोरून गेली. सीट पुढे. स्टिअरिंगच्या वर जेमतेम कपाळ, त्याखाली चष्मा. आई. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत, पापणीसुद्धा न हलवता. वखारीच्या पायरीवर मेस्त्री बसलेले. हवा बघत असावेत.

झाडाजवळ वळण जरा मोठं पडलं. चाक खड्ड्यात गेलं. आप्पांचं तोंड उघडलं — मी कुंपण घट्ट धरलं — आणि त्यांनी ते मिटलं. नुसता हात वर केला, चवरी ढाळावी तसा. आईने पाय उचलला. गाडी मागून पदर धरल्यासारखी हळू झाली.

मी तशीच मागे फिरले. त्यांना दिसले नाही. घरी येऊन खूप वेळ हसत होते. डोळे पुसावे लागले, ते त्यामुळेच.

१२ मार्च

काही विचारलं नाही. आईच्या खाटेखाली नवे नाडीचे बूट. पुस्तकांच्या कपाटात शिकाऊ परवाना, माझ्याच व्याकरणाच्या पुस्तकात — तिथे कुणी हात घालत नाही याची तिला खात्री! फोटोत ती कॅमेऱ्याकडे मावशीकडे बघते तशी बघतेय. भांडायच्या तयारीत.

१४ मार्च

लेख छापून आला. संपादक खूश. "वडील काय बोलतात हो तुमचे!"

२७ मार्च

आई पास! पहिल्याच खेपेला. आता सगळं उघड झालं. परीक्षकाने विचारलं म्हणे, "आजी, शिकवलं कुणी?" — "यांनी. एकोणपन्नास वर्षं लागली."

९ एप्रिल

आप्पांच्या परवान्याची मुदत आज संपली. अर्ज कोराच. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, तारीख १३ फेब्रुवारी: डाव्या डोळ्याची नजर गेलेली, परत येणार नाही, वाहन चालवू नये. त्या दिवसापासून त्यांनी गाडी चालवलेलीच नाही. मावशीकडे, पटांगणात, सगळीकडे मेस्त्रीच नेत होते; परतल्यावर फाटकातून आत घ्यायची तेवढी आई. लेखातला माझा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा चालक प्रत्यक्षात चौऱ्याहत्तर वर्षांची आहे.

आई आज मावशीकडे एकटी गेली. आप्पा खिडकीशी. डाव्या पायात चप्पल नाही. पाचला ते उठले, चहाचं आधण ठेवलं.

"आवाज तर येत नाही तिचा," मी म्हटलं.

"आता तिने पाय उचलला असेल," ते म्हणाले.

फाटकात पांढरं काहीतरी उमटलं.