पंगतीतले दौतोर

विझेऊ, ३ नोव्हेंबर १९९८

ती. ओतीलियाताईस,
बेल्मीरूचा शि. सा. न. वि. वि.

आई बरी आहे. काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात मीही बरा आहे. कॉलेज अर्ध्यात का सोडलं ते कृपा करून पुन्हा विचारू नकोस. काम वेगळंच आहे.

इदालिनावर माझा जीव आहे हे तुला ठाऊकच आहे. तिच्या घरी दर रविवारी आन्सेल्मू नावाचा माणूस जेवायला येतो. तुमच्या लीड्सला शिकून आलाय म्हणे. जो तो त्याला ‘दौतोर, दौतोर’ करतो आणि हा खुशाल मान डोलावतो. मला पहिल्या दिवसापासून वास येत होता. परवा त्याने दुकानातून खिळे मागवले, ते द्यायला मुद्दाम मीच गेलो. भिंतीवर पदवी टांगायची होती. वाचली, तर नुसता बॅचलर. डिक्शनरीत पाहिलं, बॅचलर म्हणजे आपला बाशारेल. पाच वर्षांच्या लिसेन्सिआतुरा पदवीच्या खालचा, तीन वर्षांत उरकलेला. लिसेन्सिआतुरासुद्धा नाही, तर हा दौतोर कसला? आणि इदालिना संध्याकाळी त्याच्याकडे इंग्रजी शिकते. इंग्रजीच शिकते ना, कोण जाणे.

तू तिथल्या विद्यापीठाच्या कचेरीत आहेस, खरं काय ते लगेच कळव. संत मार्तिनूच्या जेवणाला, अकरा तारखेला, इदालिनाने मलाही बोलावलंय. तिथेच त्याचं पितळ उघडं पाडतो.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा
बेल्मीरू

लीड्स, ९ नोव्हेंबर

चि. बेल्मीरूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. डिक्शनरीत शब्द जुळला म्हणून पदवी जुळत नाही रे. इथली बॅचलर तीन वर्षांची खरी, पण आपल्या लिसेन्सिआतुराच्या तोडीची धरतात. माझ्या टेबलावर रोज हेच कागद असतात. तेव्हा आपल्या रिवाजाने तो दौतोरच. इथे मात्र प्रबंध लिहून पीएचडी घेतल्याशिवाय कुणी डॉक्टर म्हणत नाही. आपल्याकडे प्रत्येक पदवीधर दौतोर असतो म्हटलं, तर कचेरीतल्या बायका विचारतात की मग आजारी पडायला उरतं कोण.

तोंडाला कुलूप घाल. इदालिनाचं मलाही पत्र आलंय. काय ते तिच्याच तोंडून ऐक.

आईला जप आणि ताईचं थोडं ऐकत जा.
तुझी
ओतीलिया

विझेऊ, १६ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र जेवणानंतर दोन दिवसांनी पोचलं.

चेस्टनट भाजून झाले, नवी वाइन फिरली आणि मी उभा राहून विचारलं, की विलायतेत यांना डॉक्टर कोण म्हणत होतं. आन्सेल्मू शांतपणे म्हणाला, कुणीच नाही, तिथे त्याला प्रबंध लागतो, मला पाववाली फक्त ‘राजा’ म्हणायची. सगळे हसले. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, प्रबंधाशिवाय दौतोर म्हणवून घेतो तो लफंगा.

हसू थांबलं. ताई, टेबलाला इदालिनाचे वडील होते, नोटरी होते, शाळेत शिकवणारी तिची आत्या होती. सगळे दौतोर. प्रबंध एकानेही लिहिलेला नाही. नोटरींनी काटा खाली ठेवला. इदालिनाचे वडील मला ‘अहो’ करून म्हणाले, की म्हणजे आज आमच्याकडे चोरांची पंगत बसलीय आणि साव तेवढे तुम्ही एकटे.

इदालिना फाटकापर्यंत आली. जानेवारीत मास्टर्ससाठी लीड्सला निघाली आहे, उतरणार तुझ्याच घरी. इंग्रजी त्यासाठी होतं. तू कॉलेज पुरं कर, मी थांबेन, असं सांगायला आज बोलावलं होतं, म्हणाली. आता काही सांगायचं नाही. आणि फाटक लावून घेतलं.

तूही तिला सामील होतीस. घरात आता मी कुणाचा भरवसा धरू?

बेल्मीरू

लीड्स, १७ जानेवारी १९९९

चि. बेल्मीरूस, आशीर्वाद.

इदालिना सुखरूप पोचली. तिथे उठताबसता ‘दौतोरा’ ऐकणारी पोर, इथे कारकुनाने पहिल्याच दिवशी नुसती ‘इदा’ करून टाकली. घरी येऊन सांगताना हसली आणि हसताहसता रडली. म्हणाली, पदवी मिळाल्यापासून आईसुद्धा लोकांसमोर मला दौतोरा म्हणते. नावाने हाक मारत राहिला तो एक बेल्मीरू.

तू काय करतोस ते विचारत होती. मी म्हटलं, त्यालाच विचार. तिला पत्र घाल. आन्सेल्मूचं नाव त्यात नको.

तुम्हा दोघांवर सारखीच माया असलेली
ओतीलिया

कोईम्ब्रा, २ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न.

वरचा पत्ता पाहिलास ना? कॉलेजात पुन्हा नाव घातलंय. इदालिनाला पत्र टाकलं, आन्सेल्मूचं नाव कुठेही नाही. चार वेळा वाचून खात्री केली.

फक्त एक सांग. स्टेशनवर तिला उतरवून घ्यायला तूच गेली होतीस ना, कुणी दौतोर नव्हता ना?

उत्तर काहीही असो, लोभ कमी करू नकोस.
बेल्मीरू