अक्षर कुणाचं?

२ फेब्रु., सोमवार
पोरींनी निवेदन दिलं. वसतिगृहाचं गेट मी सहाला बंद करते आणि पोलीस भरतीचा क्लास सुटतो साडेसहाला. आठपर्यंत उघडं ठेवा, एवढीच मागणी. रास्त आहे. सह्या मात्र गोलात. मेसचं ताट कागदावर पालथं घालून पेन फिरवलेलं दिसतंय. म्हटलं, हे काय गं? पूजा म्हणाली, "मॅडम, यात पहिली कोनीच न्हाई." हसू आलं. मग नाही आलं.

३ फेब्रु.
दुपारी कुणी जेवलं नाही. पाण्याच्या टाकीखाली सावलीला बसून राहिल्या. ही टाकी मी इथं राहायला होते तेव्हा आमच्या बॅचनं रस्त्यावर बसून आणली, हे त्यांना कुठं माहीत! त्याआधी तिघींत दोन बादल्या पाणी. आता पोरी नळ सोडून फोनवर बोलतात आणि मी ओरडत फिरते.
आमचं निवेदन माझ्या मैत्रिणीनं, नसीमनं लिहिलं होतं. अक्षर मोत्यासारखं. पहिली सही तिची, माझी अकरावी.

४ फेब्रु.
ऑफिसातून साहेबांचा फोन. "प्रमुख कोण? नाव द्या. एकीवर पोलिसात तक्रार झाली की बाकीच्या गप बसतात." म्हटलं, सह्या गोल आहेत. "मग अक्षर ओळखा ना. रेक्टर आहात." सोमवारपर्यंत अहवाल.
ओळखायचं काय त्यात. हजेरीची वही रोज पूजाच लिहिते. पुढच्या महिन्यात तिची भरतीची धाव आहे, तिच्या तांड्यावरून पहिलीच पोरगी. गुन्हा नोंदला की चारित्र्याचा दाखला अडकणार. मग कितीही जोरात पळ.

५ फेब्रु.
लिहूनच टाकते. टाकीच्या वेळी आमच्या रेक्टरबाईंनी मला एकटीला बोलावून हेच विचारलं होतं. अक्षर कुणाचं? मी सांगितलं. कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. चहा दिला होता, तो पिता पिता सांगितलं.
नसीमवर रस्ता अडवल्याचा गुन्हा लागला, वर्षानुवर्षं चालला. शिक्षिकेची नेमणूक हातात आली होती, दाखल्यापायी गेली. मी रेक्टर झाले. तिला हे अजून सांगितलेलं नाही. ईदला तिच्या घरी जाऊन शीरखुर्मा मात्र दरवर्षी खाते. लाज वाटते.

८ फेब्रु., रविवार
जीपनं गोरेगावला, नसीमच्या गावी. तिचं बांगड्यांचं दुकान. बांगड्या कमी, अर्ज जास्त. कुणाचं रेशन, कुणाची पेन्शन, अख्खा गाव तिच्याकडून लिहून घेतो. तिचा अर्ज तहसीलात कुणी दाबून ठेवत नाही म्हणे. वाटलं, नोकरी लागली असती तर गावाला ही कुठून मिळाली असती? फार सोयीचा विचार. तिथंच टाकला.
सांगितलं तिला. पेन थांबलं. समोरच्या आजींना म्हणाली, "तुमी उद्या या." मग मला, "इतक्या वर्षांनी आजच काहून सांगून राहिलीस?"
पूजाचं सांगितलं.
"म्हंजे माफी मागाया आलीस, का नाव द्यायची इजाजत?"
खरं तर दोन्हीसाठी गेले होते. चहा विचारला नाही तिनं, पहिल्यांदाच.

९ फेब्रु., सोमवार
सकाळी निवेदन पुन्हा लिहून काढलं, माझ्या अक्षरात, शब्द न् शब्द. खाली एकच सही, माझी. अहवाल म्हणून तेच ऑफिसात दिलं. पोरींचा कागद माझ्या ट्रंकेत.
संध्याकाळी गेट लावलं नाही. पूजा पावणेसातला धावत आली, उघडं बघून बावरली. "मॅडम, उशीर झाला." म्हटलं, नाही झाला. जेवून घे.
साहेबांचा फोन आला. मूळ कागद घेऊन उद्या अकराला या, पोलीसही असतील.
नसीमला दोनदा फोन लावला, उचलला नाही. मेसेज टाकला, नाव दिलं नाही म्हणून. तिनं वाचल्याचं दिसतंय. उत्तर नाही.
उद्या विचारतीलच, अक्षर कुणाचं. चहा पुढं केला तर घ्यायचा नाही.