नकाशात नसलेली टाकी

५ फेब्रुवारी, सोमवार
नवीन नोकरीचा पहिला दिवस छान गेला. सिन्नरच्या बाहेर बंद पडलेला पेट्रोलपंप आहे. जमिनीखालच्या तीन जुन्या टाक्या काढून नव्या बसवायच्या, आणि हे सुरक्षितपणे होतंय ना ते मी बघायचं. नांदगावला आईला फोन करून सांगितलं, पोरगी सेफ्टी ऑफिसर झाली.

मुकादम कोंडाजी पन्नाशीचे, मोठे हौशी. पत्र्याच्या केबिनमध्ये माझं टेबल त्यांनी स्वतः पुसून दिलं. क्रेन सहादू चालवतो. रवी लोखंडाची कापाकापी करतो.

६ फेब्रुवारी
पहिली टाकी निघाली. तळातलं उरलेलं पेट्रोल उपसलं, आत कोरडा बर्फ टाकला. त्याच्या वायूने पेट्रोलची वाफ बाहेर ढकलली जाते. वाफ मोजायच्या मीटरवर शून्य आल्यावरच क्रेनला हात लावू दिला. सहादू म्हणाला, एवढं मोजत बसणारं माणूस त्याने आजवर पाहिलं नव्हतं. मला ते कौतुकच वाटलं.

७ फेब्रुवारी
दुसरी आणि तिसरी निघाली. तिसरीच्या खाली चौथी सापडली. नकाशात ती नाही. तिला एकही पाइप जोडलेला नाही आणि झाकण बाहेरून वेल्ड केलेलं आहे. पंपाच्या मालकांना विचारलं, तर पंप वडिलांनी बांधला, आपल्याला काही माहीत नाही म्हणाले.

आत काही भरलंय का ते कळावं म्हणून कोंडाजींनी हातोडीने ठोकून पाहिलं. आतून उलटा ठोका आला. उन्हाने पत्रा ताणला जातो, असं ते म्हणाले. पुन्हा हातोडी उचलली, तर त्यांनी मारायच्या आधीच ठोका आला.

कुणीही झाकणाला हात लावायचा नाही, असं मी बजावलं.

८ फेब्रुवारी
दुपारी मी ऑफिसशी फोनवर बोलत होते. तेवढ्यात रवीने ग्राइंडरने झाकण कापलं. धावत गेले, ओरडले. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, आत माणूस हाय. माझं नाव घेतोय.”

स्फोट झाला नाही. मीटरवर शून्य. मी वर खड्ड्याच्या काठावर उभी होते, मला फक्त काळं भोक दिसलं. रवीने त्यात डोकं घातलं. मिनिटभराने बाहेर काढलं, सरळ क्रेनकडे गेला आणि मोठा पाना सहादूच्या तोंडावर मारला. मग पुन्हा. पुन्हा. चौघा मजुरांना तो आवरेना. त्याचं मनगट मोडून लोंबत होतं, तरी त्याच हाताने मारत होता.

पोलीस त्याला घेऊन गेले. जीपमधून तो एवढंच सांगत होता, झाकण लावू नका.

माझ्या बुटावर सहादूचा दात होता.

९ फेब्रुवारी
सहादू पहाटे गेला.

सकाळी एक शिपाई पंचनाम्याला आला. निदान भोकावर पत्रा टाकू, म्हणून कोंडाजी खड्ड्यात उतरले. बघू नका, म्हणून मी विनवलं. मागोमाग उतरून त्यांचा शर्ट धरून ठेवला होता. ते वाकले, आणि त्यांनी पाहिलं.

वर आले. रोजच्यासारखे मायेने म्हणाले, “ताई, एकदा बघून घ्या ना.”

शिपायाने त्यांचा दंड धरला. कोंडाजींनी पहार त्याच्या पोटात घातली, पार पाठीतून—

मी पळाले. केबिनची कडी लावली. फोन खड्ड्यापाशीच पडलाय.

दुपार
खिडकीतून दिसतंय. कोंडाजींनी एकेका मजुराला भोकापाशी नेऊन आत बघायला लावलं. मालक आले होते. मजुरांनी त्यांना पाय धरून ओढत नेलं, डोकं भोकात दाबून धरलं. आता मालकही त्यांच्यात उभे आहेत. एक मजूर बघायला तयार नव्हता. त्याला मालकांनीच दगडाने ठेचलं. तो अजून हलतोय. रस्त्यावरून गाड्या जाताहेत, कुणी थांबत नाही—

हे कुणाला सापडलं तर— खड्ड्याकडे जाऊ नका. लांबूनच वाळू लोटा. आत डोकावू—

दारावर आलेत. कोंडाजी म्हणताहेत, “कुनी मारत नाय ताई. नुसतं बघा अन् जा घरी.”

पहारीने पत्रा फाडताहेत. आता हातांनी. त्यांची बोटं कापली जाताहेत, रक्त आत उडतंय, तरी आवाज तसाच मायेचा—

कडी निखळली. मी डोळे घट्ट मिटलेत. न बघता लिहितेय. उघडणार नाही. कुणाचा तरी ओला अंगठा माझ्या पापणी