डावीकडची सीट

६ ऑक्टोबर, सोमवार

आजही नाही! सेल्फ घरघरतो, पण इंजिन काही पकडत नाही. दसऱ्यापासून हेच चाललंय.

हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले, मी डावीकडच्या सीटवर. मग माझ्याकडे वळून अगदी अदबीने — "बाई, गाडी बंद आहे. तुम्ही रिक्षा बघा."

घरात मी 'बाई' झाले त्याला वर्ष उलटलं. त्याचं आता रडू येत नाही. पण फियाटमध्ये मी अजून त्रिवेणी होते. चाकांना विटा लावलेल्या, गाडी काचीगुड्याच्या आमच्या अंगणातून हलत नाही, तरी इंजिन सुरू झालं की मी यांना लख्ख आठवायचे. "त्रिवेणी, काच वर कर, धूळ येतीय." रोज संध्याकाळी थोडा वेळ. तेवढ्यात आम्ही जहीराबाद ओलांडायचो, बिदरच्या अलीकडे चहाला थांबायचो, कधी पार उदगीरला, यांच्या शेतावर. मीही खरंच पोचायचे. बांधावरची बोर दिसायची मला — शपथ!

ही गाडी सुरू झालीच पाहिजे.

७ ऑक्टोबर

बबलू मेकॅनिकला फोन. तो बहिणीच्या लग्नासाठी कर्नूलला. "अम्मा, करंट नै आरा हुंगा. पिलग निकालके इंजन को टेकाओ, सेल्फ मारो. नीली चिंगारी दिखी तो बोलो. फिकर नक्को, मैं परसों आतूं."

त्याचं परसों मला माहीत आहे. दिवाळी होऊन जाईल.

८ ऑक्टोबर

प्लग काढला. मी! पाना घसरून बोट सोललं. रबरी हातमोजे घातले, वायरीसकट प्लग इंजिनाला टेकवला. उजेडात ठिणगी दिसेना म्हणून जुनी इरकल बॉनेटवर पांघरली आणि आत डोकं घातलं. "हाणा सेल्फ!" यांनी इमानदारीत हाणला.

काही नाही. नुसता काळोख.

तरी मी बराच वेळ आतच राहिले. लुगड्यातून गाळून आलेला हिरवट उजेड, ऑइलचा वास. बाहेर हे कुणाला तरी रस्ता समजावून सांगत होते. बाहेर कुणीही नव्हतं. बरं वाटत होतं मला तिथे, उगाच.

१० ऑक्टोबर

प्लगला करंट पुरवणारी कॉइल नवी आणून बसवली. फरक शून्य.

हर्षवर्धनचा पुण्याहून फोन — "आई, विकून टाक ना ते डबडं. बाबांना काय कळतंय?" मला कळतंय ना! — म्हटलं आणि फोन ठेवला. मग चुटपुट लागली. त्यालाही हे 'साहेब' म्हणतात. पोराने तरी काय करावं?

११ ऑक्टोबर

पहाटे स्वप्न पडलं. गाडी मुकी, तरी ज्वारीतून धावतेय. हे मला हाक मारतायत — ओठ हलतायत, नाव ऐकू येत नाही.

१३ ऑक्टोबर

बबलू फोनवर — "वो काली डब्बी हैना अम्मा, जिसमें से पिलग के वायरां निकलते? उसका ढक्कन खोलो. अंदर पॉइंट रहते, साफ करो."

खोललं. दोन इवलीशी टोकं, ती उघडझाप करतात तेव्हा म्हणे ठिणगी पडते. आणि त्या दोन टोकांच्या मधे — हळदकुंकू! वाळून घट्ट बसलेलं. वर तांदळाचा दाणाही.

दसऱ्याला गाडीची पूजा हेच करतात. दरवर्षी त्या काळ्या ढाकणावर एक बोट टेकवायचे, म्हणायचे, "इथे हिचा जीव आहे." यंदा मी तबक धरून उभी होते. तेवढ्यात शेजारचे जम्मीची, म्हणजे आपल्या शमीची, पानं द्यायला आले, मी दाराकडे वळले. तेवढ्यात यांनी ढाकण काढलं असणार. वरवर कशाला, थेट जिवालाच लावलं! आधी हसूच फुटलं. मग पायरीवर बसून रडले.

आणि पुसायला हात होईना. यांनी लावलेलं कुंकू, मी कसं पुसू?

शेवटी नखाने हलकेच खरवडलं आणि आधी माझ्या कपाळाला लावलं. मग राहिलेलं पॉलिश पेपरने घासायचा धीर आला. ढाकण लावलं, पुन्हा इरकलीखाली डोकं. "हाणा!" — आणि दिसली! निळी, टाचणीच्या डोक्याएवढी. परत. परत! किती वेळ बघत राहिले कोण जाणे. प्लग बसवायचा राहिला, अंधार झाला.

उद्या बिदरला चहा.

१४ ऑक्टोबर

सुरू झाली, पहिल्याच सेल्फला! यांचा चेहरा उजळला. मी पदर सावरून डावीकडचं दार उघडलं.

"तिथे नका बसू, बाई," हे हळूच म्हणाले. "ती जागा त्रिवेणीची आहे. येईलच ती इतक्यात. तुम्ही मागे बसा."

बसले. मग आम्ही दोघांनी तिची वाट पाहिली.