कानबाईच्या नारळावरचा मोर

२० जुलै, रविवार

जमलं! नारळावर मोर उठला!

आठ दिवस नुसता रंग वाया. दगडावर डिझाइन छान बसतं, केळीच्या पानावर तर बघायलाच नको. पण नारळ पडला गोल – कागदाचा कातरलेला छाप टेकतच नाही, कडेने रंग आत शिरतो आणि मोराचं होतं डबकं. आज हितेंद्रच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेत मोर कापला. फिल्म वाकते! दोन रबरबँड, स्प्रेचा डबा वीतभर लांब, एकच फुस्स. पिसारा कसा सुटासुटा! नवरा म्हणतो, चला, माझा गुडघा कामी आला.

२२ जुलै

सासूबाईंनी परवानगी दिली! यंदा कानबाई आमच्या देवपूरच्या घरी बसणार, सगळे भाऊबंद येणार, आणि मागची आरास माझी. सोनेरी मोरांचे अकरा नारळ, वर रंगवलेली केळीची पानं – पानं फैजपूरहून, माहेरची.

अट एकच. ज्या पिढीजात नारळाला डोळे-नथ लावून देवी कानबाई मांडतात, त्याला हात लावायचा नाही. शिरपूरचे नाना, थोरले चुलत सासरे, या बाबतीत भलते कडक. गेल्या वर्षी कुणी प्लास्टिकचं तोरण लावलं तर न जेवता उठून गेले. दोन वर्षं झाली लग्नाला, त्यांच्यापुढे अजून माझं तोंड उघडत नाही. यंदा माझं काम बघून ते एकदा तरी बरं म्हणाले पाहिजेत.

२६ जुलै

पान वाळलं की रंगाचे पोपडे. पानं आदल्या दिवशीच करायची. शिकले.

३१ जुलै

नारळ तासून, पॉलिश पेपरने घासून गच्चीवर मांडले. उद्या रंग!!

१ ऑगस्ट

इतकी मजा आयुष्यात आली नव्हती. आधी सोनेरी अस्तर, त्यावर निळा मोर, एकामागून एक. नाक ओढणीत, बोटं निळी. शेवटचा संपवून मागे सरले. काय दिसत होते! हौसेने मोजले.

बारा.

आणले होते अकरा. धावत देवघरात गेले. कानबाईचा नारळ वर्षभर ज्यात असतो तो डबा रिकामा.

मी तिला कायम डोळे-नथ लावलेलीच पाहिली, उघडा नारळ कधी बघितलाच नव्हता. सासूबाईंनी गच्चीवर उन्हाला ठेवला असणार आणि मी रंगाच्या धुंदीत आंधळी. थिनरने पुसायला गेले तर पुसू कोणता? सगळे सारखेच! तिथेच बसून रडले.

मग सासूबाईंना सांगितलं. त्यांनी एकेक नारळ कानाशी नेऊन हलवला. जुना खुळखुळला. तो बाजूला ठेवला, म्हणाल्या, वाळू दे.

एवढंच! ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२ ऑगस्ट

पानं केली. उद्या नाना.

३ ऑगस्ट, रविवार

आज लिहायचंच आहे.

नानांनी स्वतः डबा उघडला. नारळ हातात घेऊन विचारलं, "हाई कोनं काम शे?"

हितेंद्र काहीतरी बोलणार, त्याच्या आधी मीच पुढे झाले. म्हटलं, माझं. चुकून झालं, नाना.

त्यांनी नारळ फिरवून फिरवून पाहिला. पिसाऱ्यावरून अंगठा फिरवला. मग सासूबाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, डोळे जरा वर लावा, मोर झाकू नका.

मोर झाकू नका!! नानांनी प्रसादाचे रोट खाल्ले, वर दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं. धुळ्या-जळगावच्या सगळ्या जावा माझ्याभोवती – आम्हाला शिकव, आम्हाला शिकव. मी नुसती हसत होते.

४ ऑगस्ट

पांझरा नदीवर विसर्जनाला नेऊन कानबाईला, रीतीप्रमाणे, परत घरी आणलं. सासूबाई तिला डब्यात ठेवता ठेवता सांगत होत्या. तीस वर्षांपूर्वी, नव्या नवरी असताना, कानबाईला थोडं रंगवू का, असं त्यांनी नानांना विचारलं होतं म्हणे. नाना नाही म्हणाले होते.

झाकण लावलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू कसाले रडनी? तो नारय मीच मुद्दाम ठेयेल व्हता तठे."