नळीतलं धारोष्ण

३ नोव्हेंबर १९९८
मंगळवार पेठेतल्या या इस्पितळात आज रुजू झालो. अतिदक्षता विभागाचं स्वयंपाकघर माझ्या एकट्याच्या हाती! शिक्षण सातवी, पण आहारशास्त्राची जुनी पुस्तकं कोळून प्यायलोय. डॉक्टरीणबाईंनी विचारलेलं एकेक प्रमाण तोंडपाठ सांगितलं. नाकातल्या नळीतून जाणारं अन्न : पावडर, उकळून गार केलेलं पाणी, दोनदा गाळणं, चार तासांत संपवणं.

५ नोव्हेंबर
तीन नंबरच्या खाटेवर जयसिंगपूरचे चन्नाप्पाआण्णा. जुने पैलवान, न्यूमोनिया, श्वास यंत्रावर. त्यांच्या बायकोनं, हिराबाईंनी, मला दारातच गाठलं : पावणं, मालकानं जन्मभर धारोष्ण प्यालंय, ही कसली पिठाची पेज घालताय? मनाला लागलं. म्हशीखाली पेला धरणारं आपलं गाव. उकळलं की कस जातो, हे काय पुस्तकानं सांगायचं?

६ नोव्हेंबर
समोर म्हशी पिळून देतात त्या दूधकट्ट्यावरून कोमट धारोष्ण आणलं. एकशे ऐंशी मिली, पाण्याऐवजी. फक्त हिराबाईंना सांगितलं. संध्याकाळी आण्णांनी बोट हलवलं. बाई माझ्या पाया पडली. छाती फुगली.

९ नोव्हेंबर
तीन दिवस तेच दिलं. आण्णांना जुलाब, ताप एकशे चार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतड्यातले जंतू रक्तात उतरलेत. एवढ्या खंगलेल्या देहात लढायला काही उरत नाही. मला विचारलं, पाणी उकळता ना? म्हणालो, रोज. दुधाचं त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर
आण्णा गेले. हिराबाई म्हणाली, तुमच्यामुळं चार दिस जास्त मिळालं की.

१२ नोव्हेंबर
भर दुपारी ओट्याशी उभा होतो. पाठीमागं कुणी घोट घेतंय. मोठे, सावकाश. वळलो — कुणी नाही. पातेल्यातलं दूध निम्मं.

१४ नोव्हेंबर
आता सगळं उकळतो. उकळी असेपर्यंत शांत. गार झालं की पुन्हा — घोट. सांगायलाच हवं. डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत गेलो. परत आलो.

१५ नोव्हेंबर
हिराबाई आलीय. किटली घेऊन. घरच्या म्हशीचं, आत्ता काढलेलं. पाच नंबरला आजऱ्याची शांभवी — ओली बाळंतीण, शुद्ध नाही. बाई म्हणते, हिला बी घाला, तुमच्या हातचं लागू पडतंय.

बाईनं किटली आत दिली. सिस्टरनं काचेतून मला खुणेनं विचारलं — उकळलंय ना?

माझी मान हलली. होकारार्थी. मी हलवली नाही — पाठीमागं तोच घोट —

सिस्टर सिरिंज भरतेय. ओरडायला हवं. तोंड उघडतोय, आवाज — हात लिहितोच आहे — सिस्टर, थांबा, ते कच्चं —

नळीचं बूच काढलं. पांढरं वर चढतंय, नाकापर्यंत —

मीच, तीन नंबरलाही मीच, कुणीतरी थांबवा —